अंडी कमी, पिसं गायब आणि खुराड्यात जायला नकार: ११ कोंबड्यांचं एक पूर्ण प्रकरण

हे प्रकरण एकूण नऊ आठवडे चाललं आणि त्यातले पहिले चार आठवडे मी चुकीच्या दिशेने पळत होते. सगळं सविस्तर लिहून काढतेय, कारण यातला एकेक प्रश्न कोंबड्या पाळणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. नवीन कोंबड्यांना जुन्या का मारतात, अंडी एकदम का थांबली, पिसं का जातायत, ही खुडूक (अंडी उबवायला) बसलीये का आजारी आहे, खाद्य बदलू का. मी यातल्या प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर शोधत बसले, आणि प्रत्येक उत्तर थोडं थोडं पटायचं पण, म्हणूनच इतके दिवस गेले.

आधी परिस्थिती सांगते. माझ्याकडे ७ जुन्या कोंबड्या, वय साधारण दोन वर्षं, कोंबडा नाही. कोंबडा नसला तरी अंडी मिळतात, पिल्लं काढायची असतील तरच तो लागतो, हे आधीच सांगून टाकते कारण हा प्रश्न येतोच. खुराडं लाकडी, आतून २ बाय २ मीटर, रात्री बसायला दोन आडवे दांडे आणि बाहेर जाळीचं मोठं आवार. सातजणींची मिळून दिवसाला ५ च्या आसपास अंडी यायची. रोज ७ का नाहीत, तर एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० तासांच्या आसपास नुसते कवच चढायलाच जातात, त्यामुळे कोंबडी रोज थोडी उशिरा अंडी घालते आणि मग एक दिवस खाडा पडतो. दोन वर्षांच्या कोंबड्यांचा तर पडतोच.

मग मी ४ तलंगा, म्हणजे अजून अंडी सुरू न झालेल्या तरुण कोंबड्या, आणल्या, १६ आठवड्यांच्या. आणल्या आणल्या सोडल्या नाहीत. तीन आठवडे लांब दुसऱ्या टोकाला वेगळ्या ठेवल्या, पाण्याची भांडी वेगळी, आधी जुन्यांचं सगळं आवरायचं आणि मग नव्यांकडे जायचं, तेही चपला बदलून. त्यानंतर एक आठवडा मध्ये जाळी लावून शेजारी शेजारी, म्हणजे एकमेकींना बघतील पण टोचता येणार नाही. मग एका रात्री अंधारात हळूच उचलून दांड्यावर जुन्यांच्या बाजूला बसवल्या. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे रात्री गोंधळ होत नाही आणि सकाळी सगळ्या एकत्रच उठतात.

याच दिवसांत अजून एक गोष्ट केली. ११ कोंबड्यांना अंडी घालायच्या दोन पेट्या कमी पडतील, चार-पाच जणींमागे एक तरी पेटी लागते, म्हणून तिसरी पेटी आणली. वापरलेली होती, लाकडी, कित्येक महिने कुणाच्या तरी अडगळीत रिकामी पडलेली. कोरडी ठणठणीत. मी ती झाडली, ओल्या फडक्याने पुसली, आत नवीन भुसा घातला आणि लावून टाकली.

पहिल्या दोन आठवड्यांत मारामाऱ्या झाल्या आणि त्या होणारच होत्या. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार आणि कोण कुणापुढे मान खाली घालणार याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलेफ शेल्डरुप-एब्बे यांनी ती १९२१ मध्ये नीट मांडली, पण कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाने ती दाणे टाकताना बघितलेलीच असते. नवीन चारजणी आल्या की सगळी उतरंड परत मांडावी लागते. डोक्यावर फटकन एक चोच, थोडी पळापळ, मानेची पिसं फुलवून समोरासमोर उभं राहणं, हे सगळं ठीक. यात आपण मध्ये पडलो की ते लांबतं. रक्त आलं किंवा एकीला खायलाच मिळत नाहीये असं दिसलं तरच मध्ये पडायचं.

पण दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास मला जे दिसायला लागलं ते वेगळं होतं. भुरी नावाची माझी जुनी कोंबडी, स्वभावाने एकदम गरीब, तिच्या शेपटीच्या वरची जागा उघडी पडली. तळहाताएवढी. दोन दिवसांनी नवीनपैकी एकीची पण तशीच. माझ्या डोक्यात सरळ हिशोब बसला, नवीन कोंबड्या आल्या, भांडणं झाली, पिसं उपटली गेली. मी दाण्याचं दुसरं भांडं ठेवलं, पाण्याचं दुसरं भांडं ठेवलं, आवारात मध्ये एक फळी उभी केली म्हणजे मार खाणारीला नजरेआड होता येईल. या गोष्टी चांगल्याच आहेत, नवीन कोंबड्या मिसळताना पहिल्या दिवसापासून कराव्यात, पण माझ्याकडे त्याने फरक पडला नाही.

इथे मी एक गोष्ट नीट बघायला हवी होती. हुकूमत गाजवणारी चोच डोक्यावर, तुऱ्यावर, मानेवर बसते, झटकन बसते आणि मार खाणारी किंचाळून पळते. माझ्याकडे पिसं गेली होती ती पाठीच्या शेवटाला, शेपटीच्या मुळाशी. आणि किंचाळणं जवळजवळ नव्हतंच. म्हणजे ही उतरंडीची भांडणं नव्हती. मला जागा दिसत होती, मी ती रोज बघत होते, पण जागेचा विचार केला नाही, फक्त कुणी केलं असेल याचाच विचार करत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात अंडी पडली. म्हणजे संख्या पडली. तलंगा आता २२ आठवड्यांच्या झाल्या होत्या, त्यांच्यातल्या दोघींनी सुरुवात पण केलेली, म्हणजे दिवसाला ७ तरी यायला हवी होती आणि येत होती ३. कधी २. दिवस लहान होत चालले होते, त्यामुळे माझा दुसरा हिशोब तयार झाला, पिसं झडायचा मोसम आलाय. हा अंदाज पण अगदीच वेडगळ नव्हता. अंडी घालायला कोंबडीला दिवसाचे १४ ते १६ तास उजेड लागतो, उजेड कमी झाला की शरीर अंडी थांबवतं आणि जुनी पिसं टाकून नवीन घालायला लागतं. पीस जवळजवळ ८५ टक्के प्रोटीनच असतं, त्यामुळे पिसं आणि अंडी दोन्ही एकाच वेळी शरीराला जमत नाही. दोन वर्षांच्या कोंबड्या तशा झडायच्या वयातल्याच.

मी समाधानाने बसले. आठवडाभर.

मग एका दुपारी भुरीला मांडीवर घेऊन बसले आणि ती उघडी जागा जवळून बघितली. पिसं झडतात तेव्हा त्वचेतून नवीन पिसांचे कोंब वर येत असतात, बारीक काड्यांसारखे, निळसर आवरणातले, आणि झडणं सहसा डोक्यापासून सुरू होऊन मान, मग पाठ असं मागे सरकत जातं. भुरीची मान गच्च भरलेली होती. शेपटीजवळ एकही नवीन कोंब नव्हता, अर्धवट तुटलेली पिसांची देठं होती, आणि त्वचा लालसर, बारीक बारीक खपल्या धरलेली. म्हणजे हे झडणं नाही. शिवाय २२ आठवड्यांची तलंग असं मोठं पीस झडायच्या वयातली पण नसते, आणि तिची पिसं गेलेली मी बघितली होती. एवढं साधं होतं हो. कोंबडी हातात घेऊन पिसं फुंकर मारून बाजूला करायची आणि बघायचं, कोंब आहेत का तुटकी देठं आहेत. पाच मिनिटांचं काम, मी ते तीन आठवडे केलं नव्हतं.

आता तांबडीबद्दल लिहिते, आणि हा भाग लिहायला मला जड जातंय.

तांबडी माझी सगळ्यात जुनी. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला ती त्या नवीन, म्हणजे वापरलेल्या पेटीत बसली ती उठेचना. हात घातला की फुगायची, गळ्यातून घरघर काढायची, हाताला टोचायची. खुडूक. दरवर्षी बसते, यंदा उशिरा बसली एवढंच. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा-दोनदा उठते, दाणा-पाणी करते, एक मोठी घाण वासाची शीट टाकते आणि परत जाऊन बसते, अंडी खाली असोत नसोत. पिल्लं निघायला २१ दिवस लागतात म्हणून ती तितके दिवस, कधी जास्तही, बसून राहते. या काळात तिचं वजन उतरतं आणि तुरा फिका पडतो, लहान होतो, हे मला माहीत होतं. त्यामुळे तिचा तुरा फिका दिसला तेव्हा मला काहीच खटकलं नाही.

खुडूक मोडायची असेल तर तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून उंचावर, तीन-चार दिवस ठेवतात, खालून वारा लागला आणि घरट्यासारखं ऊबदार काही मिळालं नाही की ती बसायचं सोडते. मी ते केलं नाही. म्हटलं बसूदे बिचारीला, तिला आवडतंय तर. दिवसरात्र ती त्या पेटीत. आणि मी रोज संध्याकाळी तिला उचलून दाण्यापाशी नेऊन ठेवायचे आणि ती दोन दाणे टिपून परत पेटीकडे चालायला लागायची, हळूहळू, मध्ये थांबत. ते थांबणं मी बघितलं होतं.

चौथ्या आठवड्यात मी खाद्याच्या मागे लागले. पिसं उपटणं आणि खाणं यामागे कमी प्रोटीन, कमी मीठ ही कारणं खरोखर असतात. मी लेयर फीडची, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्याची, पिशवी तपासली, १६ टक्के प्रोटीन, कॅल्शियम पुरेसं, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवलेला असतो. वर टाकायचे दाणे मात्र मी जास्त टाकत होते, त्याने पोट भरतं आणि नेमकं फीड कमी खाल्लं जातं, ते कमी केलं. कोंबडीला दिवसाला ११०-१२० ग्रॅमच्या आसपास फीड लागतं, मी मोजून बघितलं, साधारण तेवढं संपत होतं. संध्याकाळी गळ्याजवळची दाण्याची पिशवी चाचपली की भरलेली लागायची, सकाळी रिकामी, म्हणजे पचन पण ठीक. खाद्यात दोष नव्हता.

या चार आठवड्यांत अजून चार गोष्टी माझ्या डोळ्यासमोर घडत होत्या आणि प्रत्येकीला मी वेगळं कारण लावून बाजूला ठेवलं होतं.

अंड्यांच्या कवचावर बारीक लाल ठिपके यायला लागलेले. मी म्हटलं तलंगांची पहिली अंडी आहेत, पहिल्या अंड्यांवर कधी कधी रक्ताची रेघ असतेच. पण तलंगांची अंडी लहान असतात, आणि ठिपके मोठ्या अंड्यांवर पण होते. दुसरं, तीन-चार कोंबड्या पेट्या सोडून आवारातल्या झुडपाखाली अंडी घालत होत्या, मला वाटलं तलंगांना अजून पेटी कळली नाही. झुडपाखाली जुन्या पण जात होत्या. तिसरं, अंडी गोळा करून आले की माझ्या हाताला, मनगटापाशी, खाज सुटायची, मी म्हटलं भुशाची धूळ.

आणि चौथं, सगळ्यात मोठं. संध्याकाळी कोंबड्या आत जात नव्हत्या. ज्यांनी कोंबड्या पाळल्यात त्यांना माहितीये, कोंबडी आत जायला सांगावी लागत नाही. अंधारायला लागलं की एकेक करून आपसूक आत शिरतात, दांड्यावर थोडी ढकलाढकली, दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत. माझ्या कोंबड्या दारापाशी येऊन उभ्या राहायच्या. मान लांब करून आत बघायच्या, एक पाय उचलायच्या, परत ठेवायच्या. दोघी तर खुराड्याच्या छपरावर जाऊन बसायला लागल्या होत्या. मी रोज टॉर्च घेऊन एकेकीला उचलून आत कोंबायचे आणि दार लावून यायचे. चाळीस-चाळीस मिनिटं जायची त्यात, आणि मी वैतागून म्हणायचे, या नवीनांनी जुन्यांच्या पण सवयी बिघडवल्या.

रोज रात्री मी त्यांना स्वतःच्या हाताने आत कोंडत होते. हे मला अजून टोचतं.

हे सगळं मी शेजारच्या काकूंना सांगत होते, त्यांनी आयुष्यभर कोंबड्या सांभाळल्यात. मी भांडणं, पिसं, उजेड, खाद्य सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, रात्री दांड्याखाली हात फिरवून बघितलास का?" मी म्हटलं काकू, दिवसा दर आठवड्याला साफ करते, दांडे स्वच्छ आहेत. तर म्हणाल्या, "दिवसा नाही गं. रात्री. दोन तास झोपू दे त्यांना, मग जा. पांढरा कपडा घेऊन जा."

त्या रात्री दहा वाजता गेले. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पांढरा कागदी रुमाल. दार हळू उघडलं. कोंबड्या झोपलेल्या नव्हत्या. दांड्यावर बसून पाय उचलून आपटत होत्या, मान मागे वळवून शेपटीच्या मुळाशी चोच घालत होत्या, एक थांबली की दुसरी. मी रुमाल दांड्याच्या खालच्या बाजूला लावला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. उजेडात धरला तर रुमालावर लांबच्या लांब लालभडक पट्टा. रक्त. आणि त्या पट्ट्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, चालणारे. मग दांडा भिंतीत जिथे बसतो ती खाच बघितली, आत राखेसारखी करडी भुकटी साचलेली आणि त्या भुकटीखाली ते थरच्या थर, एकमेकांवर चढलेले. दिवसा मी ती भुकटी धूळ समजून झाडायचे.

हे लाल माइट, रक्त पिणारे बारीक जीव. मोठा वाढलेला एक मिलिमीटरच्या आसपास असतो, उपाशी असताना करडा आणि रक्त प्यायल्यावर लाल दिसतो. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात, त्यांच्या अंड्यांचे पांढरे झुबके पिसांच्या मुळाशी दिसतात, दिवसा कोंबडी हातात घेतली तरी सापडतात. हे माइट तसे नाहीत. हे दिवसभर लाकडाच्या फटीत, खाचेत, पेटीच्या सांध्यात बसून राहतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात, झोपलेल्या कोंबडीवर चढतात, अर्धा-एक तास रक्त पितात आणि परत फटीत. म्हणून दिवसा कितीही वेळा कोंबडी तपासली तरी अंगावर काही मिळत नाही. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून महिन्याभरात एवढे होतात. आणि रक्त न पिता ते कित्येक महिने जगू शकतात.

कित्येक महिने, हे कळलं आणि मी पेटीकडे वळले. ती अडगळीत पडलेली पेटी. पाठीमागची फळी उचकटली तर सांध्यात तेच, दांड्यापेक्षा जास्त. कोंबड्यांना मी तीन आठवडे लांब ठेवलं होतं आणि पेटीला फडकं मारून त्याच दिवशी लावलं होतं. तांबडी दिवसरात्र त्याच पेटीत बसली होती, आणि पेटीत दिवसा पण अंधार असतो.

तिला टॉर्चच्या उजेडात बाहेर काढलं. तुरा फिका नव्हता, पांढरा होता, मेणासारखा. पापणीची आतली बाजू पण पांढरी. अंग हलकं, छातीचं हाड हाताला लागत होतं. तिला घरात आणलं, खोक्यात स्वच्छ कागदावर ठेवलं, पाणी चमच्याने दिलं. सकाळी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी इंजेक्शन दिलं, पण रक्त फार कमी झालंय असं स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिला खुडूक म्हणून मी सोडून दिलं होतं. खुडूक होतीच ती, सुरुवातीला तरी, पण खुडूक कोंबडी रोज पेटीतून काढून हातात घ्यायला हवी, वजन, तुरा, पापण्या, अंगाखालची जागा बघायला हवी, कारण तिला त्रास होत असला तरी ती जागा सोडत नाही. बाकीच्या दारात उभ्या राहून नाही म्हणत होत्या, ती म्हणू शकत नव्हती.

साफसफाईचं सांगते, कारण ती अर्धवट केली तर महिन्याभरात परत तेच. दहाजणींना खुराड्यातून काढून आवारात तात्पुरता आडोसा केला, नवीन दांडा ठोकळ्यांवर ठेवला आणि ठोकळ्यांना जाड व्हॅसलिन फासलं म्हणजे काही वर चढलंच तर चिकटेल. खुराड्यातला सगळा भुसा पिशव्यांत घट्ट बांधून लांब नेला. ती पेटी जाळली. दांडे काढले, खाचा खरवडल्या, सांध्या सांध्यात उकळतं पाणी ओतलं, मग जोराच्या पाण्याने धुतलं, दोन दिवस कडक वाळवलं. वाळल्यावर फटींमध्ये सिलिकाची बारीक पावडर मारली, ही तोंडाला मास्क लावून आणि कोंबड्या आत नसताना मारायची, फुप्फुसाला वाईट असते, आपल्या पण आणि त्यांच्या पण. कोंबड्यांना औषध डॉक्टरांनी सांगितलं तेच आणि तेवढंच दिलं, आणि औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते विचारून तेवढे दिवस टाकून दिली. कुत्र्या-मांजरांचं किंवा पिकावरचं औषध कुणी सुचवलं तर ते स्वतःच्या मनाने कोंबड्यांवर मारू नका, अंड्यात उतरतं.

आणि सातव्या दिवशी हे सगळं परत. चौदाव्या दिवशी परत. पहिल्या वेळेला माइटची अंडी राहूनच जातात, ती उबून परत वाढायच्या आत गाठावं लागतं. सातव्या दिवशी खुराडं एकदम स्वच्छ दिसत होतं, मला वाटलं कशाला परत, तरी केलं, आणि दांड्याच्या एका खाचेत दहा-बारा जिवंत मिळाले.

माझ्या हाताची खाज पण तेव्हाच थांबली. हे माइट माणसाला चावतात, पण आपल्यावर राहत नाहीत.

कोंबड्या परत आत गेल्या त्या पहिल्या संध्याकाळी मी दाराजवळ उभी होते. त्या दारापाशी येऊन थांबल्या, नेहमीसारख्याच. लगेच विश्वास कसा बसेल. एक तलंग आधी शिरली, तिला आठवणी कमी असतील. मग बाकीच्या, वीसएक मिनिटांनी. छपरावर बसणाऱ्या दोघी अजून चार दिवस छपरावरच जात होत्या.

आता पुढचा भाग, जो मला अपेक्षित नव्हता. माइट गेले, तुरे हळूहळू लाल व्हायला लागले, आठवडाभराने अंडी ४ वर आली, तरी भुरीची पाठ भरेना. नवीन कोंब यायचे आणि गायब व्हायचे. मी एक पूर्ण सकाळ आवारात स्टूल टाकून बसले. जुन्यांमधली एक टिकली नावाची कोंबडी भुरीच्या मागे जाऊन उभी राहायची, अजिबात रागात नाही, अगदी सावकाश, जशी काही माती टिपतेय, आणि एक कोंब चोचीत धरून ओढायची. भुरी थोडी पुढे सरकायची. टिकली तो कोंब चोचीत फिरवायची आणि गिळायची. मग परत. पंधरा मिनिटांत सहा वेळा मोजलं मी.

झालं असं असणार की माइटमुळे सगळ्याच अस्वस्थ होत्या, स्वतःचं खाजवताना, दुसरीच्या अंगावर लाल ठिपका दिसला की टिपताना पिसं तुटली, त्वचा उघडी पडली, आणि टिकलीला तिथे टोचायची सवय लागली. सुरुवातीचं कारण संपलं तरी सवय उरते. कोंबडी मोकळी असली की दिवसाचा बराचसा वेळ उकरण्यात आणि टिपण्यात घालवते, ती तिची गरजच आहे, भांड्यात खाद्य भरलेलं असलं तरी ती उकरते. माझं आवार मोठं होतं पण इतक्या दिवसांत उकरून उकरून टणक झालेलं, त्यात टिपण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मग चोच दुसरं काही शोधते, आणि सगळ्यात जवळ शेजारणीची पाठ असते.

टिकलीला वेगळं केलं. भुरीला नाही. हे नेहमी उलटं केलं जातं, मार खाणारीला बाहेर काढतात, मग ती परत येते तेव्हा तिची जागा अजून खाली गेलेली असते आणि टोचणारी जागच्या जागी. टोचणारीला पाच दिवस बाजूला ठेवलं की ती परत आल्यावर तिलाच स्वतःची जागा नव्याने शोधावी लागते. पाच दिवसांत मी आवारात वाळलेली पानं आणि गवत यांचा वीतभर जाड थर टाकला, सकाळचे दाणे भांड्यात न घालता त्या थरात उधळले, हिरव्या पाल्याची जुडी उंचावर दोरीला टांगली म्हणजे उडी मारून तोडावं लागेल. धुळीत लोळायची जागा परत केली, कोरडी माती आणि वाळू, पावसापासून आडोशाला. धुळीत लोळून कोंबडी पिसांतलं जास्तीचं तेल आणि अंगावरच्या उवा काढते, हे तिचं अंघोळ करणं, आणि माझी ती जागा चिखल होऊन महिनाभर बंद होती हे पण मी तेव्हाच बघितलं. नवीन पिसं येणार म्हणून काही आठवडे थोडं जास्त प्रोटीनचं फीड दिलं. भुरीच्या पाठीवर डॉक्टरांनी दिलेला जांभळा स्प्रे मारला, उघडी लालसर त्वचा दिसली की बाकीच्या पण टोचतात, रंगाने ती झाकली जाते.

टिकली परत आली त्या दिवशी मी पुन्हा स्टूल टाकून बसले. ती भुरीच्या मागे दोनदा गेली. मग पानांच्या थरात काहीतरी हललं आणि ती तिकडे वळली, दोन्ही पायांनी मागे पानं उडवत उकरायला लागली ती तासभर.

नवव्या आठवड्यात दहा कोंबड्यांची दिवसाला ६ अंडी यायला लागली, दिवस लहान असताना एवढी खूप झाली. झुडपाखालची अंडी बंद झाली. भुरीच्या पाठीवर निळसर काड्यांची दाट रांग आली आणि त्या काड्या शाबूत राहिल्या, उलगडल्या. तिचा नवीन रंग आधीपेक्षा गडद आहे.

आता दांड्यांच्या खालच्या बाजूला पन्हाळी पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधून ठेवल्यात, माइट असले तर लपायला आधी त्यात शिरतात, दर आठवड्याला पट्टी सोडून पांढऱ्या कागदावर झटकते. आठवड्यातून एकदा रात्री दहा वाजता टॉर्च आणि रुमाल घेऊन जाते. बाहेरून आलेलं कुठलंही लाकूड, पेटी, पिंजरा, खोकं आधी उकळत्या पाण्याखालून जातं. आणि रोज संध्याकाळी खुराड्यापाशी घड्याळ घेऊन उभी राहते, पहिली आत शिरल्यापासून शेवटची दांड्यावर बसेपर्यंत किती मिनिटं लागली ते वहीत लिहिते. काल बारा लागली. शेवटी भुरी होती, तिला अजून दारात एकदा मान लांब करून आत बघायची सवय आहे.